विश्वास की नियमशास्त्र? गलतीकरांस पत्र, प्रेषितांची कृत्ये आणि याकोबाचे पत्र: एक तुलनात्मक आढावा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर, येशूला क्रुसावर देऊन जेमतेम वीस वर्षे होत आली असताना, त्याच्या अनुयायांमध्ये एक प्रश्न पेटला. यहूदी नसलेल्या माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तर त्याने सुंता करून घेऊन मोशेचे नियमशास्त्र पाळले पाहिजे की नाही? पुढे प्रवचनांतून आणि वादविवादांतून हाच प्रश्न ‘विश्वास श्रेष्ठ की कृती’ अशा सुटसुटीत रूपात फिरत राहिला आणि त्यात त्याची मूळ धार बोथट झाली. ज्या वाचकाला किंवा अभ्यासमंडळाला हा वाद मूळ लिखाणांतूनच समजून घ्यायचा आहे, त्याच्यापुढे बायबलच्या नव्या करारातील तीन मजकूर येतात: यहूदी नसलेल्यांमध्ये प्रचार करणाऱ्या पौलाचे गलतीकरांस पत्र, प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाचा 15वा अध्याय आणि याकोबाचे पत्र. सुरुवात यांपैकी कोठून करावी, आणि जिथे हे मजकूर एकमेकांशी जुळत नाहीत तिथे कोणाची साक्ष अधिक वजनदार मानावी, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे.

रूढ पद्धत अशी की गलतीकरांस पत्र आणि याकोबाचे पत्र समोरासमोर ठेवायचे, पौलाला विश्वासाच्या आणि याकोबाला कृतींच्या बाजूला उभे करायचे, आणि मग दोघांचा मेळ कसा बसतो ते दाखवायचे. माझ्या मते ही जोडी सुरुवातीला बाजूला ठेवावी. कसोटी लागते ती गलतीकरांस पत्राचा 2रा अध्याय आणि कृत्यांचा 15वा अध्याय शेजारी ठेवून वाचताना, कारण वादाचे प्रत्यक्ष कारण, म्हणजे सुंता आणि एकत्र जेवण, या दोनच ठिकाणी उघडपणे समोर येते. याकोबाच्या पत्रात सुंतेचा उल्लेख नाही, खाण्यापिण्याच्या नियमांचा नाही आणि शब्बाथाचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचाही नाही.

भांडण नेमके कशाचे होते

सुंतेचा आग्रह धरणारे लोक म्हणजे कर्मकांडात अडकलेले कोते लोक, अशी समजूत करून घेऊन वाचायला बसले तर तिन्ही मजकूर चुकीचे वाचले जातात. इसवी सनपूर्व 167च्या सुमारास यहूदीयावर राज्य करणाऱ्या अंतियोख चौथा या ग्रीक राजाने यहूदी धर्माचरणावर बंदी आणली, तेव्हा ज्या स्त्रियांनी आपल्या मुलांची सुंता केली होती त्यांना ठार मारण्यात आले आणि तान्ही मुले त्यांच्या गळ्यात लटकवली गेली, असे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे त्या काळच्या यहूदी बंडाच्या इतिहासात, नोंदवलेले आहे. ज्या खुणेसाठी आपल्या माणसांनी प्राण दिले ती खूण आता ऐच्छिक झाली, असे यरुशलेमातील एखाद्या भाविक यहूद्याला सांगितले तर त्याला ते धर्मद्रोहासारखे वाटणे साहजिक होते. यात आज्ञेचाही भाग होताच. उत्पत्तीच्या 17व्या अध्यायात सुंता हा सर्वकाळचा करार म्हटलेला आहे, आणि परक्या वंशाच्या पण घरात असलेल्या पुरुषांनाही तो लागू केलेला आहे. आग्रह धरणाऱ्यांच्या हातात शास्त्रवचन होते. पौलालाच त्यातून वाट काढावी लागली.

हा वाद ख्रिस्ती मंडळीने नव्याने उकरून काढला असेही नाही. जोसेफस या यहूदी इतिहासकाराने उत्तर मेसोपोटेमियातील अडियाबीन या छोट्या राज्याचा राजा इझाटीस याची जी हकीकत दिली आहे, ती या विषयाच्या अभ्यासकाने पौलाच्या आधी वाचावी असे मी म्हणेन. इझाटीसला यहूदी धर्माची ओढ लागली आणि सुंता करून घ्यावी असे त्याच्या मनात आले. परदेशी रीतीचा राजा प्रजा खपवून घेणार नाही, या भीतीने त्याची आई हेलेना हिने विरोध केला. ज्याने त्याला या धर्माची शिकवण दिली होती तो हनन्या नावाचा यहूदी व्यापारीही म्हणाला की, यहूदी नियमांप्रमाणे चालण्याचा निश्चय असेल तर सुंतेवाचूनही देवाची उपासना करता येते आणि या अडचणीत देव क्षमा करील. काही काळाने गालीलातून एलाजार नावाचा नियमशास्त्रात कसलेला माणूस आला. तो राजाच्या भेटीला आत गेला तेव्हा राजा मोशेचे नियमशास्त्रच वाचत बसला होता. नुसते वाचून भागत नाही, त्यात जे सांगितले आहे ते करायला हवे, अशा शब्दांत एलाजाराने त्याला खडसावले. राजाने आतल्या खोलीत जाऊन वैद्याला बोलावले. ही घटना पौलाच्याच काळातली आहे. हनन्या आणि एलाजार दोघेही यहूदी, दोघेही प्रामाणिक, आणि तरीही परक्याला आत कसे घ्यायचे यावर त्यांचे एकमत नव्हते. पौल आणि त्याचे विरोधक यांच्यातले अंतर मुळात याच जातीचे होते, हे लक्षात ठेवले की ‘यहूदी धर्म विरुद्ध ख्रिस्ती धर्म’ हा ढोबळ आराखडा आपोआप गळून पडतो.

सुंतेइतकाच महत्त्वाचा मुद्दा पंगतीचा होता. ख्रिस्ती मंडळी त्या काळी घरांत जमत असे आणि प्रभुभोजन हे प्रत्यक्ष जेवणाशी जोडलेले होते. त्यामुळे यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, एका पंगतीला बसणार की नाही, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मराठी वाचकाला या आचारधर्माची ओळख फार दूर जाऊन करून घ्यावी लागत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने आठव्या दिवशीची सुंता, पंख आणि खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शनिवारची विश्रांती शतकानुशतके जपली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. आजूबाजूच्या गावात मिसळून राहूनही आपण कोण आहोत हे विसरू न देण्याचे काम असे नियम करतात. यरुशलेमातील विश्वासणाऱ्यांना तेच गमावण्याची धास्ती होती.

गलतीकरांस पत्र: प्रत्यक्ष साक्षीदार, पण एका बाजूचा

तिन्हींत सर्वांत जुना आणि सर्वांत तापलेला मजकूर हाच. तो इसवी सन 48 ते 55 यांच्या दरम्यान कधीतरी लिहिला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो पौलाचाच आहे याविषयी गंभीर शंका कोणी घेत नाही. पौलाच्या इतर पत्रांत नमस्कारानंतर ज्यांना पत्र लिहिले त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानलेले असतात. इथे ते गाळून तो सरळ, तुम्ही इतक्या लवकर वळलात याचे मला आश्चर्य वाटते, असे म्हणून तुटून पडतो. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत त्याच्यामागून काही प्रचारक आले होते आणि सुंतेवाचून तुमचे अब्राहामाच्या वंशातले स्थान पक्के होत नाही, असे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना पटवून देत होते, असे पत्रावरून दिसते.

पौलाचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी आत्मचरित्राची: माझी सुवार्ता मला यरुशलेमातल्या पुढाऱ्यांकडून मिळालेली नाही, आणि त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी तिच्यात काही भर घातली नाही. दुसरी शास्त्राची: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आले, नियमशास्त्र त्यानंतर 430 वर्षांनी आले, तेव्हा ते आधीचे वचन रद्द करू शकत नाही. या दोन पायऱ्यांच्या मध्ये अंत्युखियाचा प्रसंग येतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्राचा कणा तोच आहे. केफा, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, सिरियातल्या अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. मग येशूचा भाऊ आणि यरुशलेमातल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली आणि तो हळूहळू मागे सरून वेगळा बसू लागला. इतर यहूदी विश्वासणारेही त्याच्यामागे गेले; इतकेच काय, ज्याने पौलाबरोबर परराष्ट्रीयांमध्ये काम केले होते तो बर्णबाही गेला. पौलाने सर्वांसमोर केफाला सुनावले. या पंक्तिभेदाच्या वर्णनाला जोडूनच, लगेच पुढच्या वचनांत, माणूस नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो हे प्रसिद्ध विधान येते. म्हणजे ज्या वाक्यावर पुढे युरोपात धर्मसुधारणेची इमारत उभी राहिली, ते वाक्य जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या भांडणात बोलले गेले आहे.

त्यामुळे या पत्रावरचा टीकाग्रंथ निवडतानाही एक निवड करावी लागते. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्यापासून चालत आलेल्या वाचनात पौल हा आपल्या पुण्याईने देवाला प्रसन्न करू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला उत्तर देत असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिस्टर स्टेंडाल, एड पॅरिश सँडर्स आणि जेम्स डन या अभ्यासकांनी या वाचनाला आव्हान दिले. पहिल्या शतकातला यहूदी धर्म पुण्य साठवून तारण विकत घेणारा नव्हता. देवाने आधीच निवडलेल्या लोकांनी त्या करारात राहण्याची रीत म्हणजे नियमशास्त्र, असे सँडर्स यांनी 1977मध्ये यहूदी ग्रंथांच्या आधारे मांडले. पौल ज्यांना विरोध करतो ती कर्मे म्हणजे मुख्यतः सुंता, आहार आणि शब्बाथ यांसारखी यहूद्यांना इतरांपासून वेगळे करणारी कर्मे, असे डन यांचे म्हणणे. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहूदी गुंडाळ्यांपैकी 1994मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या एका पत्रवजा लिखाणात ‘नियमशास्त्राची काही कर्मे’ असा शब्दप्रयोग आलेला आहे आणि तिथे तो शुद्धाशुद्धतेच्या तपशीलवार नियमांना उद्देशून आहे; त्याने नव्या वाचनाला बळ मिळाले. दोन्ही वाचनांत तथ्य आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु गलतीकरांस पत्रापुरते बोलायचे तर प्रसंग पंगतीचा आणि सुंतेचा असताना नवे वाचन अधिक सरळ बसते. रोमकरांस पत्रात, जिथे पौल सगळ्या मानवजातीविषयी बोलू लागतो, तिथे मात्र ल्यूथरला झटकून टाकणे जड जाते.

पत्राची उणीव उघड आहे. आपण एकाच बाजूचे ऐकत असतो. विरोधकांचा हेतू केवळ छळ टाळण्याचा आहे, असे पौल 6व्या अध्यायात म्हणतो आणि 5व्या अध्यायात तर त्यांनी स्वतःला कापूनच घ्यावे अशी टोकाची भाषा वापरतो. अशा मनःस्थितीतल्या माणसाकडून प्रतिपक्षाचे न्याय्य चित्रण होईल अशी अपेक्षा करू नये. शिवाय केफाने त्याला काय उत्तर दिले हे तो सांगतच नाही. वाद पौलाने जिंकला असता तर ते सांगितल्यावाचून तो राहिला नसता, असा तर्क अनेकांनी केला आहे, आणि तो मला पटतो.

कृत्यांचा 15वा अध्याय: शांत, सुसंगत आणि नंतरचा

लूकच्या शुभवर्तमानाच्या लेखकानेच लिहिलेला हा ग्रंथ बहुतेक अभ्यासकांच्या मते 80 ते 90च्या आसपासचा आहे. तो वाचायला सोपा आहे आणि नवख्या वाचकाला सगळा पट एकदम दाखवतो. यहूदीयातून काही जण अंत्युखियाला येऊन सुंतेवाचून तारण नाही असे शिकवू लागतात, वाद होतो, मंडळी पौल आणि बर्णबा यांना यरुशलेमाला पाठवते. तिथे नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या परूशी पंथातले काही विश्वासणारे सुंतेची मागणी करतात. पेत्र उठून कैसरियातील रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी काय घडले त्याची आठवण देतो आणि जे ओझे आपल्या पूर्वजांना व आपल्यालाही वाहता आले नाही ते शिष्यांच्या मानेवर का घालता, असे विचारतो. शेवटी याकोब आमोस संदेष्ट्याचा आधार देऊन निर्णय सांगतो: परराष्ट्रीयांना त्रास देऊ नये, मात्र त्यांनी मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मेलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहावे. तसे पत्र यहूदा बर्सब्बा आणि सीला यांच्याबरोबर अंत्युखियाला रवाना होते.

हे चार नियम वरवर पाहता विस्कळीत वाटतात. लेवीयाच्या 17व्या आणि 18व्या अध्यायांत इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठी घातलेल्या बंधनांशी ते बऱ्याच अंशी जुळतात. एकाच ठिकाणी राहणाऱ्या दोन समाजांना परस्परांचा विटाळ न होता शेजारी नांदता यावे यासाठी केलेली ती किमान तडजोड होती, असे समजले तर त्यांचा अर्थ लागतो. पुढे ग्रीक हस्तलिखितांच्या एका परंपरेत गुदमरलेल्या प्राण्याचा नियम गाळून त्याजागी, स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये, हे वचन घातलेले सापडते. पंगतीचा प्रश्न मागे पडल्यावर नकलाकारांना आहाराचे नियम नीतीच्या नियमांत बसवावेसे वाटले, असाच त्याचा अर्थ दिसतो.

एकच बैठक, दोन वृत्तांत

आता हे दोन मजकूर शेजारी ठेवावेत. पौल सांगतो की तो प्रकटीकरण झाल्यामुळे यरुशलेमाला गेला. कृत्यांत मंडळी त्याला पाठवते. पौलाच्या सांगण्यात भेट खासगी आहे, पुढाऱ्यांबरोबर एकांतातली. कृत्यांत प्रेषित आणि वडील यांची सभा आहे, भाषणे आहेत, ठराव आहे. पौलाच्या वृत्तांतात परराष्ट्रीयांकडे जाण्याचे काम त्याच्याकडे आणि सुंता झालेल्यांकडे जाण्याचे पेत्राकडे अशी वाटणी होते. कृत्यांत पेत्रच उभा राहून म्हणतो की परराष्ट्रीयांनी सुवार्ता माझ्या तोंडून ऐकावी म्हणून देवाने मला निवडले. पौल आपल्याबरोबर तीत नावाच्या ग्रीक सहकाऱ्याला नेतो आणि त्याच्यावर सुंतेची सक्ती झाली नाही हा आपला मुख्य पुरावा म्हणून मांडतो. कृत्यांच्या 28 अध्यायांत या तीताचे नावही कुठे येत नाही. उलट सभेनंतर लगेचच, 16व्या अध्यायात, पौल यहूदी आईच्या पोटी जन्मलेल्या तीमथ्याची सुंता स्वतः करवतो.

सर्वांत मोठा फरक निर्णयाचा. पौल शपथेवर बोलल्यासारखे सांगतो की याकोब, केफा आणि योहान यांनी उजव्या हाताने हस्तांदोलन करून सहभागिता मान्य केली आणि फक्त गरिबांची आठवण ठेवावी एवढेच म्हटले. चार नियमांचा उल्लेख नाही. करिंथकरांना लिहिताना मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न थेट समोर येतो आणि पौल त्यावर सलग तीन अध्याय खर्च करतो, पण यरुशलेमाच्या पत्राचा आधार घेत नाही. उलट बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खा, असे सांगतो. कृत्यांच्या 21व्या अध्यायात याकोब पौलाला त्या चार नियमांविषयी अशा सुरात सांगतो, की जणू पौलाला ते नव्यानेच कळत असावेत.

मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. गलती 2मधली भेट म्हणजे कृत्ये 11मधली दुष्काळाच्या मदतीसाठीची भेट, आणि पत्र सभेच्या आधीच लिहिले गेले, असे काही अभ्यासक मानतात. तसे मानले तर चार नियमांविषयीचे मौन समजते आणि पौलाने मोजलेल्या भेटींचा हिशोबही कृत्यांशी जुळतो. परंतु माणसे तीच, शहर तेच, वाद तोच आणि मध्यस्थही तेच असताना एकाच प्रश्नावर थोड्या अवधीत दोनदा निवाडा झाला असे धरावे लागते. बहुसंख्य अभ्यासक दोन्ही वृत्तांत एकाच बैठकीचे मानतात आणि मीही त्याच बाजूचा आहे.

बर्णबाचे प्रकरण यात विशेष बोलके आहे. कृत्यांत पौल आणि बर्णबा यांची ताटातूट योहान मार्क या सहकाऱ्याला बरोबर न्यायचे की नाही या कारणावरून, सभेनंतर थोड्याच दिवसांत, अंत्युखियातच होते. गलतीकरांस पत्रात बर्णबा त्याच शहरात पंगतीच्या प्रश्नावर पौलाला सोडून जातो. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण पहिल्या पिढीतला मतभेद तत्त्वाचा होता हे लिहिण्यापेक्षा तो माणसांच्या निवडीवरून झाला असे लिहिणे तीस-चाळीस वर्षांनंतरच्या लेखकाला अधिक सोयीचे होते, हेही तितकेच उघड आहे.

साक्षीचे वजन करायचे तर माझा कौल असा. काय घडले आणि ते कोणत्या क्रमाने घडले, यासाठी गलतीकरांस पत्र आधार धरावे, कारण लिहिणारा स्वतः तिथे होता आणि जे विरोधक ते वाचणार होते त्यांना त्याची चूक पकडता आली असती. आपण खोटे लिहीत नाही असे तो देवासमोर सांगतो. यरुशलेमाची भूमिका काय होती आणि ती माणसे काय वाचवू पाहत होती, यासाठी मात्र कृत्ये अधिक उपयोगी आहेत, कारण पौल त्यांना बोलूच देत नाही. चार नियम प्रत्यक्षात प्रचारात होते याबद्दलही शंका घेऊ नये. प्रकटीकरणाच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना मूर्तींना वाहिलेले खाण्याबद्दल बोल लावला आहे, आणि दिदाखे या जुन्या मंडळी-नियमावलीत आहाराबाबत जितके झेपेल तितके पाळ, पण मूर्तींना वाहिलेल्यापासून कटाक्षाने दूर राहा, असे सांगितले आहे. अशी तडजोड झाली होती. ती पौलाच्या संमतीने झाली की त्याच्यामागे, एवढाच प्रश्न उरतो.

याकोबाचे पत्र: वेगळा प्रश्न, पण पूर्ण वेगळा नाही

पाच अध्यायांचे हे पत्र प्रभूचा भाऊ याकोब, ज्याला इसवी सन 62मध्ये महायाजक हनान याने दगडमार करून मारवले, त्याचे आहे की त्याच्या नावाने नंतर कोणी लिहिले, यावर अजूनही मतभेद आहेत. चौथ्या शतकात मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने त्याची गणना वादग्रस्त पुस्तकांत केली होती, आणि 1522मध्ये ल्यूथरने त्याला गवताच्या काडीचे पत्र म्हटले. त्या शेऱ्यामुळे पत्राचे जेवढे नुकसान झाले तेवढे दुसऱ्या कशाने झाले नसेल.

पत्राचा 2रा अध्याय सभेतल्या एका दृश्याने सुरू होतो. सोन्याची अंगठी घातलेला आणि झगझगीत कपड्यांतला एक माणूस आत येतो आणि त्याला चांगल्या जागी बसा म्हणतात. मळकट कपड्यांतला एक गरीब येतो आणि त्याला तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांपाशी बस, असे सांगतात. पुढे उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा, असे म्हणून काहीच न देणाऱ्याचे उदाहरण येते. याकोबाच्या लेखी कृती म्हणजे हे. तेव्हा याकोब पौलाला उत्तर देत नाही, दोघांचे विषयच वेगळे आहेत, असे म्हणून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो.

तो मोह आवरावा, कारण 2:24 आडवे येते. माणूस कृतींनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असे तिथे म्हटले आहे, आणि संपूर्ण नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकत्र येतात ते याच एका जागी, तेही नाकारण्यासाठी. त्यातही दोघे एकच वचन वापरतात. उत्पत्ती 15:6, अब्राहामाच्या विश्वासाचे. रोमकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात पौल क्रम पाहायला सांगतो: हे वचन 15व्या अध्यायात आहे आणि सुंता 17व्यात. इश्माएलाचा जन्म झाला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा होता आणि सुंता झाली तेव्हा 99 वर्षांचा, म्हणजे नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंता व्हायला किमान 13 वर्षे बाकी होती. याकोब त्याच वचनापासून पुढे, 22व्या अध्यायाकडे जातो, जिथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो, आणि विश्वास कृतींनी पूर्णत्वास गेला असे म्हणतो. यहूदी परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर याकोबाचे वाचन जुने आणि रुळलेले आहे. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकातही अब्राहाम कसोटीत विश्वासू ठरला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणले गेले, असेच म्हटले आहे. क्रमावर बोट ठेवणारे पौलाचे वाचन हे नवे आणि धाडसी होते.

तेव्हा याकोबाचे पत्र पौलाच्या पत्रांचे थेट खंडन आहे असे मला वाटत नाही. पौलाच्या घोषणेचे जे सवंग रूप लोकांच्या तोंडी बसले होते त्याचे ते खंडन असावे. प्रेमाच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, हे शब्द गलतीकरांस पत्रातलेच आहेत, आणि ते याकोबालाही मान्य झाले असते. पण सुंतेविषयी याकोबाच्या पत्राचे मौन म्हणजे संमती असे मात्र कोणी धरू नये.

नंतरच्यांनी काय निवडले

टोकाची निवड करणारे दोन्हीकडे निघाले. दुसऱ्या शतकातला शिक्षक मार्सियन याने गलतीकरांस पत्र आपल्या संग्रहात सर्वप्रथम ठेवले, जुना करार पूर्णपणे टाकून दिला, आणि 144च्या सुमारास रोमच्या मंडळीतून त्याला बाहेर पडावे लागले. दुसरीकडे एबियोनी म्हणून ओळखले जाणारे यहूदी ख्रिस्ती नियमशास्त्र पाळत राहिले आणि त्याच शतकातला बिशप इरेनियस याच्या सांगण्याप्रमाणे पौलाला धर्मत्यागी ठरवून त्यांनी त्याची पत्रे नाकारली. या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन याचे उत्तर मला सर्वांत समंजस वाटते: जो यहूदी विश्वासणारा स्वतः नियमशास्त्र पाळतो पण इतरांवर लादत नाही त्याला मी भाऊ मानतो, असे तो म्हणतो, आणि आपल्यातल्या काहींना हे मान्य नाही हेही लपवत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीला मात्र बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने पेत्र आणि पौल यांचे अंत्युखियातले भांडण हे लोकांना शिकवण्यासाठी ठरवून केलेले नाटक होते असे लिहिले, आणि उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिनने त्याला पत्र लिहून हरकत घेतली की असे मानले तर शास्त्रातल्या कोणत्याही वाक्याचा भरवसा उरणार नाही. ऑगस्टिनची बाजू उघडच भक्कम होती.

कोणी कोठून सुरुवात करावी

ज्याला इतिहास समजून घ्यायचा आहे त्याने गलती 1:11 ते 2:21 आणि कृत्ये 15:1 ते 35 हे दोन उतारे एकाच बैठकीत, शेजारी ठेवून वाचावेत, आणि लगेच कृत्ये 21:17 ते 26 जोडावे. या सगळ्याला तासभरही लागत नाही. आधी गलती आणि मग कृत्ये हा क्रम पाळावा. उलट क्रमाने वाचले तर कृत्यांचा शांत सूर मनात बसतो आणि पौलाचा संताप विनाकारण वाटू लागतो.

ज्या अभ्यासमंडळात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही परंपरांचे लोक आहेत, त्यांनी याकोब आणि रोमकर 4 यांपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण सोळाव्या शतकातली फूट याच दोन मजकुरांभोवती पडली आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्यापासून ती चर्चा पूर्वीइतकी कडवट राहिलेली नाही. मात्र त्यांनी हे ध्यानात ठेवावे की ते सोळाव्या शतकाचा प्रश्न वाचत आहेत, पहिल्या शतकाचा नव्हे.

ज्याच्या समाजात आजही कोणी कोणाबरोबर जेवावे हा प्रश्न जिवंत आहे, त्याने गलतीकरांस पत्रावरच थांबू नये. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय त्यानंतर वाचावा. तिथे कोणी सर्व काही खातो आणि कोणी फक्त भाजीपाला खातो, आणि पौल, ज्याने अंत्युखियात केफाला चारचौघांत झापले होते, तो आता खाणाऱ्याला न खाणाऱ्याचा तिरस्कार करू नको म्हणतो आणि न खाणाऱ्याला खाणाऱ्याचा न्याय करू नको म्हणतो. त्याच पत्राच्या 15व्या अध्यायात तो यरुशलेमातल्या गरिबांसाठी परराष्ट्रीय मंडळ्यांकडून जमवलेला निधी घेऊन निघण्याच्या तयारीत आहे, आणि तिथल्या पवित्र जनांनी तो मान्य करावा म्हणून प्रार्थना करा अशी रोमकरांना विनंती करतो. तो निधी स्वीकारला गेला की नाही, हे कृत्यांचा लेखक कुठेच सांगत नाही.